लूमला बांधलेलं लुगडं

भिवंडीजवळच्या शेलार गावातल्या आमच्या शेडमध्ये सोळा लूम आहेत. चाळीस वर्षं ते खटखटले आणि मागच्या दिवाळीनंतर गप्प झाले. ज्या घराला इतकी वर्षं ओरडून बोलायची सवय, त्या घरात शांतता आली की माणसांना एकमेकांचे शब्द नीट ऐकू यायला लागतात. पार्वती एकदा म्हणाली, "आवो, तुमी सोताशीच किती बोलता, ते मना आता कललं."

मी केसरीनाथ पाटील. आजा खाडीकाठच्या मिठागरात राबला, बापाने भाताच्या खाचराकडेला पत्र्याची शेड घालून चार लूम टाकले. मुंबईच्या गिरण्यांचा संप चिघळला आणि तिथलं काम भिवंडीत धो धो आलं, तेव्हा चाराचे आठ झाले, आठाचे सोळा. दुसऱ्याची चूल विझली म्हणून आपली पेटली, हे बापाने कधी लपवलं नाही. दसऱ्याला यंत्रांना फूल वाहताना म्हणायचा, "देवाचं नाव घे, आनि गिरनीवाल्यांचं पन घे." मी घ्यायचो. नाव घ्यायला काही लागत नाही, असं तेव्हा वाटायचं.

पार्वती, माझी बायको, धवलारीण आहे. आगऱ्यांच्या लग्नात तिने धवले म्हटल्याशिवाय हळद चढत नाही. शेडच्या भिंतीला लागून आमचं स्वयंपाकघर, त्यामुळे तिची सगळी गाणी लूमच्या ठेक्यावरच पाठ झाली. जुन्या धवल्यांत ती स्वतःच्या ओळी घुसडते:

उभ्या ग सुतामंदी आडवं सूत धावं
हलदीच्या मांडवात राबत्याचं नाव घ्यावं

आणि मग खरंच नावं घेते. मांडव घालणारा, पाणी भरणारी, भांडी घासणारी. आमच्या घरच्या प्रत्येक लग्नात त्या नावांत एक नाव सोमाचं असायचं.

सोमा आमचा जॉबर. जॉबर म्हणजे लूमचा डॉक्टर. लूम नुसता ऐकून तो सांगायचा, "शेठ, सात नंबरला खोकला झालाय." राहनाळच्या बुद्धवाडीतला. माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान. त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं अर्धी आहेत, आणि माझा उजवा हात पुरा आहे, याचं कारण एकच आहे.

मी सव्वीस वर्षांचा होतो. अकरा नंबरच्या लूममध्ये धागा अडकला होता म्हणून आत हात घातला. मागे एकाने, लूम नुसताच थांबलाय असं समजून, बटण दाबलं. मला फक्त पट्टा फिरल्याचा आवाज आठवतो आणि सोमा त्या फिरत्या पट्ट्यात हात घालताना दिसतो. पट्टा निसटला, लूम थांबला, माझा हात बाहेर आला. त्याची बोटं आली नाहीत. दवाखान्यात मी रडत होतो आणि तो म्हणत होता, "शेठ, तुमी कशाला रडता, बोटं माजी गेलीत."

हाताला फडकं गुंडाळून तो कामावर परत आला, त्या दिवसापासून आमच्या शेडमध्ये एक रीत पडली. लूम उघडा असेल, दुरुस्तीत असेल, तर त्याच्या दांडीला लाल चिंधी बांधायची. चिंधी असेपर्यंत बटणाला हात लावायचा नाही; मग तो मालक असो की मालकाचा बाप. भिवंडीतल्या पुष्कळ शेडांत हे असंच आहे. लाल कशाला, तर कापसाच्या धुरळ्यातूनही लांबून दिसतं म्हणून. बाकी काही नाही.

धंदा एकदम बसला नाही. आधी रात्रपाळी बंद केली, मग चार लूम, मग आठ. सुताचा भाव सकाळी वेगळा, संध्याकाळी वेगळा. कापडाला मात्र एकच भाव, तो म्हणजे 'नंतर बघू'. शेजारच्या शेडमधले लूम लोक भंगारात किलोवर घालत होते. दिवाळीनंतर मी आजमगढच्या आमच्या कारागिरांना घरी पाठवलं. त्यांच्यातला म्हातारा म्हणाला, "सेठ, बुलाओगे तो आ जाएँगे." बोलवायला तोंड कुठे होतं?

मालेगावचा एक माणूस सोळाही लूम चालू स्थितीत घेतो म्हणाला होता. म्हणून सोमाने शेवटचं काम काढलं: सगळे लूम उघडून साफ करायचे, तेल द्यायचं, तो माणूस येईपर्यंत तसेच ठेवायचे. सोळा लूम एकदम उघडे असा दिवस आमच्या शेडने पाहिला नव्हता. चिंध्या पुरेनात. पार्वतीने ट्रंकेतून आपलं जुनं लाल लुगडं काढलं, हिरव्या काठाचं, आणि उंबऱ्यात बसून टराटरा फाडलं. फाडताना काहीतरी गुणगुणत होती. सोमा एकेक पट्टी घेऊन जात होता आणि गाठ मारत होता, अर्ध्या बोटांनी, सावकाश. "वैनी, येवढं चांगलं लुगडं," तो म्हणाला. ती म्हणाली, "लगीन लावायला नेसतात, तसं निरोपाला बी नेसवावं."

मालेगावचा माणूस आला नाही. त्याच्याकडेही तीच पडझड. चिंध्या राहिल्या.

सोमाला वळ गावच्या एका गोदामात ठेकेदाराकडे खोकी उचलायचं काम मिळालं. साठीचा माणूस आणि खोकी. मी विचारलं तेव्हा हसला: "खोक्याला खोकला होत न्हाय, शेठ. ऐकायला कायच न्हाय. तेवढं बरं न्हाय वाटत."

याच दिवसांत कुणाल आला. भूमिजागर दल नावाची त्यांची संघटना. राहनाळच्या रस्त्याला ऑफिस, बाहेर दोन गाड्या, आत गार हवा. माझा मुलगा प्रितम तिथे जायला लागला होता. आधी तो आमचं सूत आणायचा, तागे पोचवायचा, दिवसभर फोन कानाला. लूम थांबल्यावर त्याचा फोन वाजायचा थांबला. तिशीतल्या पोराचा फोन वाजत नसला की तो घरात कसा फिरतो हे ज्यांनी पाहिलंय त्यांनाच कळेल. दलात गेल्यावर फोन पुन्हा वाजायला लागला. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

कुणाल शहरातला, शिकलेला, बोलायला गोड. पहिल्याच भेटीत माझ्या पाया पडला आणि म्हणाला, "नाना, तुमची यात काहीच चूक नाही."

वर्षभरात मला हे कोणी सांगितलं नव्हतं. व्यापारी म्हणायचा मार्केट डाऊन आहे. पुढारी म्हणायचे जगाचीच परिस्थिती तशी आहे. पण मार्केटला शिवी घालता येत नाही, त्याला तोंड नसतं. कुणालने त्याला तोंड दिलं.

"हा कट आहे, नाना. आधी धंदे बसवायचे. मग कामगार भडकवायचा. मग गोदामं, जमिनी, सगळं जनतेच्या नावावर. लाल लोक जगभर असंच करतात. वळला त्यांच्या मीटिंगा चालू झाल्यात, तुम्हाला माहीत आहे का?"

माहीत होतं. लाल बावट्याची युनियन गोदामातल्या हमालांना जमवत होती. आता माझं पोट कशावर चाललंय तर राहनाळच्या अर्ध्या एकरावर, जिथे एका कंपनीचं गोदाम भाड्याने आहे. लहानपणी आजी घाबरवायची, लाल बावटेवाले आले की म्हशीच्या आचळातलं दूधसुद्धा वाटून घेतात. ती भीती पन्नास वर्षं पोटात झोपली होती. कुणालने तिला नुसतं हलवलं. मी सभेला जायला लागलो. त्यांनी मला शाल घातली. "उद्ध्वस्त उद्योजक" म्हणून टाळ्या पडल्या. लूम चालू असताना माझ्यासाठी कोणी टाळी वाजवली नव्हती.

एक दिवस प्रितम कुणालला आणि दोघा-तिघांना घेऊन शेडवर आला. माझ्यावर व्हिडिओ करायचा होता. मी शटर वर केलं. दुपारचं ऊन तिरपं आत पडलं आणि त्यात सोळा लाल चिंध्या उजळल्या.

कुणाल उभाच राहिला. "हे काय? लाल झेंडे? प्रत्येक मशीनवर?"

प्रितमने माझ्याकडे पाहिलं. तो याच शेडमध्ये रांगलाय. चालायला लागल्यावर पहिला धपाटा त्याने चिंधी सोडली म्हणूनच खाल्ला होता. मी त्याच्याकडे पाहिलं. आम्हा दोघांना ठाऊक होतं आणि एका वाक्याचं काम होतं.

"कोणी बांधले, नाना?"

"जॉबरने," मी म्हणालो.

हे खरं होतं. यापेक्षा मोठं खोटं मी आयुष्यात बोललो नाही. कुणालच्या डोळ्यांत अशी चमक आली होती की माझ्याने ती विझवेना. ती विझली असती तर लूम बंद पडल्याला पुन्हा कारण उरलं नसतं.

संध्याकाळपर्यंत कुणालने काढलेला चिंध्यांचा फोटो सगळ्यांच्या फोनमध्ये होता. 'शेलारमध्ये लाल लोकांनी लूम बंद पाडले. मालक हतबल.' दुसऱ्या दिवशी सोमाचा फोटो आला. वळच्या मीटिंगमध्ये तो खाली बसलेला, मागे लाल झेंडा. 'हाच तो जॉबर.' तिसऱ्या दिवशी ठेकेदाराने त्याला सांगितलं, हे मिटेपर्यंत येऊ नकोस. त्याची बायको कमळाबाई नळावर गेली की बाकीच्या बायका हंडे उचलून सरकायच्या, हे मला पार्वतीने सांगितलं. मी पेपर वाचत होतो. वाचतच राहिलो. रविवारी राहनाळच्या शाळेमागच्या मैदानावर सभा ठरली. मुख्य वक्ता मी, आणि सभेनंतर सगळ्यांनी बुद्धवाडीत जाऊन सोमाला जाब विचारायचा.

जाब विचारायला चारशे माणसं गेली की काय होतं, ते भिवंडीत वाढलेल्या माणसाला सांगावं लागत नाही.

शनिवारी सकाळी सोमा आला. आत आला नाही, ओट्यावर बसला. पार्वतीने पाणी दिलं, ते प्याला.

"शेठ, उद्या तुमी बोलनार म्हनं."

"हो."

"मी मीटिंगला गेलो होतो, ते खरं हाय. येकदा न्हाय, तीनदा. गोदामात प्यायला पानी न्हाय. बाटली घरून न्यायची, दुपारपर्यंत गरम होते. टाकी पायजे आनि रविवारची सुट्टी. जो मागून देईल तेच्याकडं जाईन. तुमच्या दलाने मागितली असती तर तिथं बसलो असतो."

मी पाण्याचा रिकामा तांब्या बाजूला सरकवला.

"त्यावर तुमी काय बोलायचं ते बोला. मी भांडत न्हाय. फकस्त चिंधी कशाला बांधतात तेवढं सांगा. शेडमधलं तुमी सांगितलं न्हाय तर कोन सांगनार? माजं कोन ऐकतो?"

"बघू," मी म्हणालो.

त्याने मान डोलावली. उठताना ओट्याला हात टेकला, डावा. मी दुसरीकडे बघितलं. छत्तीस वर्षांत त्याने तो हात कधी मला दाखवला नव्हता, आताही दाखवला नाही. उठायला टेकला, इतकंच.

तो गेल्यावर पार्वती दारात आली. "कशाची चिंधी? काय बोलतो त्यो?"

तिच्याकडे साधा फोन. तिने फोटो पाहिलाच नव्हता. मी दाखवला, खालचं वाचूनही दाखवलं. तिने पदराने काच पुसली आणि डोळ्यांजवळ नेली.

"आनि माजं लुगडं कवापासून कमनिस्ट झालं?"

मला हसू आलं, पण तिला आलं नव्हतं.

"तुमी सांगितलं न्हाय त्यांना?"

"सांगेन."

"फोटो काढला तवा कुठं होता?"

"तिथंच."

ती आत गेली. दिवसभर तिने एक ओळ गुणगुणली नाही. लूम बंद झाल्यावर जी शांतता आली होती ती मला खूप वाटायची. ती काहीच नव्हती.

रविवारी चार वाजता मैदान भरलं. बायकाही आल्या होत्या. खुर्च्या कमी पडल्या म्हणून त्या भिंतीच्या सावलीत बसल्या, त्यांच्यात पार्वती. प्रितम स्टेजखाली वायरी बघत होता. माझ्या मागे केवढा तरी मोठा बॅनर, त्यावर आमच्या शेडचा तोच फोटो, दारापेक्षा उंच. कुणाल बोलला. फार चांगलं बोलला. लूमचं बोलला, बेकारीचं बोलला, पोरांच्या लग्नांचं बोलला, आणि सगळं खरं होतं. फक्त प्रत्येक खऱ्या गोष्टीच्या शेवटी त्याचं बोट वळकडे जायचं. लोक टाळ्या वाजवत होते. मीही वाजवल्या. हात आपोआप गेले.

मग मला उभं केलं. हातात त्याने लिहून दिलेला कागद होता. पहिली ओळ वाचली, "मी एक उद्ध्वस्त उद्योजक." दुसरी ओळ वाचायला चष्मा नीट करताना मान वळली आणि बॅनर जवळून दिसला. फोटो एवढा मोठा केल्यावर अकरा नंबरच्या लूमवरची चिंधी परातीएवढी झाली होती. तिच्या कडेला हिरवा काठ. काठावर बारीक पिवळी नक्षी. ते लुगडं नेसून पार्वती प्रितमच्या बारशाला बसली होती.

"हे माझ्या बायकोचं लुगडं आहे," मी म्हणालो.

माईकने ते सगळ्या मैदानाला सांगितलं.

आधी कोणाला कळलंच नाही. कुणाल खालून हसत म्हणाला, "नाना, पुढचं वाचा."

"पुढचं कागदावर नाही," मी म्हणालो. आणि सांगायला लागलो. नीट सांगितलं असं नाही. कुठून कुठे गेलो. लूम उघडा असला की चिंधी का बांधतात ते सांगितलं. अकरा नंबर सांगितला. माझा हात वर करून दाखवला, सगळी बोटं हलवून दाखवली, आणि म्हणालो, ही माझी दिसतात, यातली सोमाची किती ते मला माहीत नाही. लूम लाल लोकांनी बंद नाही पाडले. मी बंद केले, कारण कापड विकत नव्हतं. का विकत नव्हतं ते मला अजून नीट समजलेलं नाही. तुम्हाला समजलं असेल तर मला सांगा, पण सोमाने बंद पाडले असं सांगू नका. त्याने तर बंद पडलेल्या लूमला तेल घातलं.

पुढच्या रांगेतला एक जण उठला. "मग आठ दिवस तोंडात काय होतं, नाना?"

"तोंडात काय न्हाय," मी म्हणालो. "अंगावर शाल होती."

कोणीतरी हसलं. बायकांच्या घोळक्यातून सुकन्याचा आवाज आला, तिच्या पोरीच्या हळदीला पार्वतीनेच धवले म्हटले होते. "गो पार्वती, खरंच तुजं हाय का ते?"

पार्वती उठून उभी राहिली. "माजंच. भावाने भाऊबिजेला घेतलं होतं. हिरवा काठ बघ ना त्यो. आता भाऊच तिकडं जाऊन लाल झाला असंल तर मना म्हाईत न्हाय."

मग सगळ्या भिंतीला हसू फुटलं. बायकांचं हसू एकदा सुटलं की ते कुठल्या दलाला आवरत नाही. दुसरी म्हणाली, "माज्या घरी बी दोन हायेत तसली, लपवून ठेवते बाय." तिसरी म्हणाली, "आनि आमच्या सासूचं तर कपाटच लाल." गड्यांच्या बाजूने रघू उठला, दुसऱ्या शेडचा जॉबर. तो दलाची पट्टी बांधून आला होता. "आमच्याकडं बी लालच बांधतात. पिवळी दिली तर पिवळी बांधू. पन तेल लागलं की पिवळी दिसत न्हाय, आनि मग बोटं जातात."

कुणालने माईक घेतला. "नाना थकलेत. चिंधी असेल, पण तिच्यामागचा विचार ओळखा." तो पुढे बरंच बोलला. काही जण ऐकत राहिले. सगळं मैदान माझ्या बाजूने झालं असं मी सांगणार नाही. पण जमावाचं एक असतं, एकदा त्यातल्या माणसांना आपापली बायको आणि आपापलं कपाट आठवलं की मग तो जमाव राहत नाही. लोक भेळेच्या गाडीकडे वळले. बुद्धवाडीकडे अकरा पोरं निघाली, ती नाक्यापर्यंत गेली आणि तिथे वडापाव खाऊन परतली. प्रितम त्यांच्यात नव्हता. तो वायरी गुंडाळत बसला होता. माझ्याशी तो बोलला नाही. अजूनही नीट बोलत नाही. पण तो त्या अकरांत नव्हता, आणि त्याबद्दल मी त्याचा ऋणी आहे, बापाने मुलाचं असावं तेवढा.

उजेड होता तोवर मी पार्वतीला स्कूटरवर मागे बसवलं आणि बुद्धवाडीकडे निघालो. बुद्धवाडीत सोमाच्या घराचं दार उघडं होतं. बाहेर पाच-सहा माणसं खुर्च्या टाकून बसली होती, उगाच बसावं तशी. कोणी येणार म्हणून बसली होती, हे उघड होतं. त्यांनी मला पाहिलं आणि वाट दिली.

कमळाबाई दारात आली. मला या घरात येऊन किती वर्षं झाली ते मला आठवेना. तिला आठवत असणार.

"या पाटील. चपला आत काढा, भाईर कुत्रा नेतो."

आम्ही आत बसलो. सोमा बाजेवर होता, बनियनवर. त्याला सगळं कळलं होतं. इथून मैदानाचा लाऊडस्पीकर ऐकू येतो. तो माझ्याकडे बघून म्हणाला, "शेठ, आवाज फाटत होता तुमचा. माईक लांब धरायचा."

"पुढच्या वेळी," मी म्हणालो.

"ठेकेदाराचा फोन आला आत्ताच. उद्यापासून ड्युटीवर ये बोलला. पन मीटिंगला जायचं न्हाय, अशी अट हाय."

"मग?"

"बोललो, टाकी बसव. न्हाय जात मग." तो हसला. "काय बोलतो ते उद्या कलंल."

माझ्या पोटात ते जुनं भय जरा हललं. अर्धा एकर, गोदाम, झेंडे. मी त्याला हलू दिलं. आता त्याच्याकडे बघितलं तर ते म्हशीच्या दुधाएवढंच होतं, आणि समोर एक माणूस पाण्याची टाकी मागत होता.

मी म्हणालो, "सोमा, मी तुझे आभार मानायला आलो आहे." खरं तर माफी म्हणायचं होतं. तोंडातून आभारच निघाले. छत्तीस वर्षं तेच आत अडकले होते, म्हणून तेच आधी निघाले असतील.

सोमा काहीतरी बोलणार होता, पण कमळाबाई मध्ये आली. ती ताटं काढत होती. काढता काढता थांबली.

"पाटील, मी आठ दिस नळावर येकटी उभी होते. माज्या हंड्याच्या आजूबाजूला कोन हंडा ठेवत नव्हतं. ते आठ दिस तुमी कुठं होता?"

"घरी," मी म्हणालो.

"घरीच ना?"

"घरीच."

"आज तुमी बोलला. आजच्या दिवसाचं आभार मी पन मानते, मनापासून मानते. आठ दिसांचं मानत न्हाय."

"नका मानू."

"आगं, पाव्हना हाय, जेवायला तरी," सोमा म्हणाला.

"जेवायला वाढते ना. ते वायलं."

तिने पार्वतीला आत बोलावलं, भाकऱ्या थापायला. दोघींचे तव्यामागचे आवाज यायला लागले, आधी तुटक, मग एकसारखे. माझ्यासमोर ताट आलं. तांदळाची भाकरी, सुकटीचं कालवण, बाजूला कांदा. कमळाबाईने पहिली भाकरी मला वाढली, सोमाच्या आधी. मी तिच्याकडे बघायची हिंमत केली. चेहरा तसाच होता, सरळ. काहीही माफ न करता पहिली भाकरी वाढणारा.

मी जेवलो.